आव महिना आणि आणलेला आव

गेली दोन-तीन वर्षं आषाढ सरायला लागला की एक लांबलचक मेसेज मोबाईलवर फिरतो. कधी योगासनांच्या ग्रुपवर, कधी शेअर बाजाराच्या, एकदा तर आमच्या सोसायटीच्या पाणीकपातीच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच असतो. ज्यू लोकांकडे पाच हजार सातशे वर्षांचं, खुद्द अब्राहामाने, त्यांच्या मूळपुरुषाने, लिहून ठेवलेलं गुप्त ज्योतिष आहे. त्यात प्रत्येक महिन्याला एक रास, एक हिब्रू अक्षर, एक इंद्रिय आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी एक वंश नेमून दिलेला आहे. त्यांचा ‘आव’ महिना सिंह राशीचा, वंश शिमोनचा, इंद्रिय श्रवणाचं. हा महिना इतका अशुभ, की त्यांच्यावरची प्रत्येक मोठी आपत्ती बरोबर आवच्या नवमीलाच आली, अगदी पहिलं महायुद्धसुद्धा. म्हणून ज्यू लोक त्या महिन्यात नवं काम काढत नाहीत आणि कोर्टाची पायरी चढत नाहीत. पंधराव्या रात्री मात्र सिंहेतला पूर्णचंद्र जोड्या जुळवतो, तेव्हा पांढरे कपडे घालून जोडीदार मागावा. मग ठेवणीतली ओळ: हे शास्त्र पाळतात म्हणूनच ते जगात सर्वांत श्रीमंत आहेत. अकरा जणांना पाठवा.

मी ज्योतिषी नाही आणि ज्यूही नाही. पण लहानपण अलिबागला गेलं, इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावर. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांना एके काळी गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यामुळे ‘ज्यू लोक असं करतात’ असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर आधी परदेशातला कुणी कोट-टोपीवाला येत नाही, शेजारच्या आजी येतात. मेसेज वाचून पहिला प्रश्न तोच पडला, की यातलं त्यांना काय ठाऊक होतं? दुसरा प्रश्न पडला तो पंचांग वाचता येतं म्हणून. एक-एक दावा घेऊन बसलो. काही दावे सपशेल खोटे निघाले, काही अर्धवट, आणि एक-दोन खरेही. जे खरे निघाले तेही सांगतो.

सुरुवात वयापासून. पाच हजार सातशे हा आकडा हिब्रू शकाचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ५७८६ लागलं. ही मोजणी धर्मग्रंथांतल्या पिढ्या मोजून काढलेल्या सृष्टीच्या आरंभापासूनची आहे. आपण कलियुगाची पाच हजारांवर वर्षं मोजतो म्हणून आपली छापील पंचांगं पाच हजार वर्षांपूर्वीची ठरत नाहीत, तसंच हे. आजचं गणिती हिब्रू पंचांग इ. स. ३५९ च्या सुमारास हिल्लेल दुसरे यांनी बांधून दिलं असं परंपरा मानते. त्याआधी चंद्रकोर डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार येत आणि त्यांच्या साक्षीवर महिना सुरू होई.

महिन्याचं नावही घरचं नाही. जुन्या ग्रंथांत बहुतेक महिने नुसत्या क्रमांकाने येतात, पहिला महिना, पाचवा महिना असे. ‘आव’ हे नाव हिब्रू बायबलमध्ये एकदाही येत नाही, तिथे हा ‘पाचवा महिना’ आहे. बॅबिलोनी लोक त्याला ‘आबू’ म्हणत. महिन्यांची नावं आमच्याबरोबर बॅबिलोनहून वर आली, असं यरुशलेमी तालमूद हा ज्यू विद्वानांच्या चर्चांचा जुना ग्रंथ सरळ कबूल करतो. आवच्या आधीचा महिना तम्मूज, तर तम्मूज हे चक्क एका बॅबिलोनी देवाचं नाव! बारा समान भागांचं राशीचक्रही बॅबिलोनचंच, साधारण इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं. ते ग्रीकांकडे गेलं, आपल्याकडे आलं आणि ज्यूंकडेही गेलं. तेव्हा ‘गुप्त ज्यू रास’ म्हणून जी सिंह आपल्याला दाखवली जाते ती आपल्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे छापलेल्या सिंहेची सख्खी बहीण आहे.

अब्राहामाने लिहिलेलं म्हणतात ते पुस्तक म्हणजे ‘सेफर येत्सिरा’. आकाराने चिमुकलं, भाषा कोड्यांची. अब्राहामाचं नाव त्याला परंपरेने जोडलंय हे खरं. अभ्यासकांत त्याच्या काळावरून वाद आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत कुठेही ते बसवलं जातं. ९३१ साली सादिया गाओन या ज्यू विद्वानांनी त्यावर अरबीत भाष्य लिहिलं, तेव्हा त्याआधीचं ते नक्की. आणि त्यात भविष्य नाही. देवाने हिब्रूच्या बावीस अक्षरांतून सृष्टी कशी घडवली हा त्याचा विषय आहे. त्यातल्या बारा ‘साध्या’ अक्षरांना बारा महिने, बारा राशी आणि माणसाच्या बारा क्रिया जोडल्या आहेत. आवला ‘तेत’ हे अक्षर आणि सिंह रास मिळाली, हा भाग खरा आहे.

गंमत पुढे आहे. मेसेज छातीठोकपणे म्हणतो, आवचं इंद्रिय श्रवण. कुणा उत्साही मराठी माणसाने त्यात भर घातलीय: ‘पाहा, त्यांचा श्रवणाचा महिना आणि आपला श्रावण, एकच!’ वाचून क्षणभर मीही चमकलो. पण आपला श्रावण ऐकण्यावरून आलेला नाही. त्या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्र श्रवण नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून तो श्रावण. आणि सेफर येत्सिराची एकच प्रत नाही, अनेक पाठ आहेत. नंतरच्या गूढवाद्यांनी जो पाठ उचलला त्यात बारा क्रिया बोलणं, विचार, चालणं, पाहणं, ऐकणं अशा क्रमाने येतात, म्हणून पाचव्या महिन्याला ऐकणं. दुसऱ्या, आखूड पाठात क्रम पाहणं, ऐकणं, हुंगणं, बोलणं, गिळणं असा आहे. त्या हिशोबाने आव हा ऐकण्याचा नाही, खाण्याचा महिना! आता ज्याला आवमध्ये ‘श्रवणसाधना’ शिकवायची आहे तो पहिला पाठ धरणार आणि ज्याचं खानावळीचं दुकान आहे तो दुसरा. अवयवांच्या यादीतही पाठोपाठी अशीच अदलाबदल आहे.

शिमोन वंशाची जोडणी तर आणखी नंतरची. वाळवंटात इस्राएलचे वंश ज्या क्रमाने डेरे टाकत तो क्रम महिन्यांवर बसवला, त्यात पाचव्या जागी शिमोन आला. पण सिंह हे चिन्ह ज्या वंशाचं, तो वंश यहूदाचा. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपल्या मुलांना आशीर्वाद देतो तेव्हा यहूदाला सिंहाचा छावा म्हणतो. त्या यहूदाच्या वाट्याला या यादीत निसान महिना आणि मेष रास आली. म्हणजे सिंह मेंढ्याच्या घरात आणि सिंहेच्या घरात शिमोन. कोष्टक करणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते ध्यानाची आणि प्रवचनाची सामग्री जुळवत होते, जन्मपत्रिका मांडत नव्हते.

आता पंचांग. हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा जरा रेंगाळतो.

हिब्रू महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. सौरवर्षाशी मेळ घालायला ते एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालतात. आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना लागतो, त्यांचा कायम अदार महिन्याला लागतो. म्हणून आव आणि श्रावण कधी हातात हात घालून येतात, कधी चुकामूक होते. २०२४ साली दोन्ही एकाच दिवशी, ५ ऑगस्टला सुरू झाले आणि आवची पंधरावी आली बरोबर आपल्या नारळी पौर्णिमेला, १९ ऑगस्टला. २०२६ साली आपल्याकडे अधिक ज्येष्ठ, त्यामुळे आव जुळतो आषाढाशी. तो १५ जुलैला लागून १३ ऑगस्टला संपतो. त्याची नवमी २३ जुलैला, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, आणि पंधरावी २९ जुलैला, म्हणजे गुरुपौर्णिमेला.

या महिन्यात सूर्य कुठे असतो ते पाहा. आपल्या निरयन पंचांगाप्रमाणे सूर्य सिंहेत जातो १७ ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे २०२६ चा आव अख्खा संपला तरी सूर्याने सिंहेत पाऊल ठेवलेलं नसेल, जवळजवळ सगळा महिना तो कर्केतच बसलेला. सायन, म्हणजे पाश्चात्त्य, गणिताने सिंह लागते २३ जुलैच्या आसपास. त्या हिशोबानेही महिन्याचे पहिले आठेक दिवस कर्केचेच. ‘आव म्हणजे सिंह’ हे ढोबळ समीकरण आहे, पाचवा महिना म्हणून पाचवी रास. अमुक वर्षीच्या आवमध्ये आभाळात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

‘सिंहेतला पूर्णचंद्र’ हे तर पाचवीतल्या पोरानेही पकडावं. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य सिंहेत असेल तर चंद्र कुंभेत, सूर्य कर्केत असेल तर चंद्र मकरेत. सूर्य आणि पूर्णचंद्र दोघेही सिंहेत सापडले तर जोडीदार राहू द्या, आधी वेधशाळेला फोन करावा लागेल.

मेसेजचा सगळा भार ज्यावर आहे तो दावा नवमीचा. त्याची खिल्ली उडवून चालणार नाही, कारण आत दुःख खरं आहे. आवची नववी, ‘तिशा बआव’, हा ज्यूंचा शोकाचा सर्वांत मोठा दिवस. यरुशलेमचं पहिलं मंदिर इसवीसनपूर्व ५८६ मध्ये बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने जाळलं, दुसरं इ. स. ७० मध्ये रोमनांनी. दोन्हींचा शोक या दिवशी करतात. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत कडक उपास, पाणीही नाही. जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून मंद उजेडात विलापगीत वाचायचं. मिश्नाने, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, या दिवशीच्या पाच आपत्ती मोजल्यात: वाळवंटातल्या पिढीला वचनदत्त भूमी नाकारली गेली, दोन्ही मंदिरं पडली, बेतार हे शहर पडलं आणि यरुशलेमवर नांगर फिरला.

पण ‘बरोबर नवमीलाच’ म्हणाल तर खुद्द बायबल अडवतं. पहिल्या मंदिराच्या विध्वंसाची तारीख राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पाचव्या महिन्याची सातवी आहे, तर यिर्मयाच्या पुस्तकात दहावी. नववी कुठेच नाही! तालमूदला ही विसंगती दिसली आणि त्याने ती उघडपणे मांडली. शत्रू सातव्या दिवशी आत शिरला, नवव्याच्या संध्याकाळी आग लावली आणि दहावा दिवस सगळा ते जळत राहिलं, असा मेळ घातला. त्यावर रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान म्हणाले, मी त्या पिढीत असतो तर उपास दहावीलाच ठरवला असता, कारण मंदिराचा बहुतेक भाग जळला तो त्या दिवशी. इतिहासकार जोसेफसही दुसऱ्या मंदिराच्या जळण्याची तारीख दहावी देतो. म्हणजे नववी ही निवडलेली तारीख आहे. विखुरलेलं दुःख एका दिवशी आणून ठेवलं, म्हणजे निदान रडायला तरी सगळे एकत्र जमतील. पितृपक्षात सर्वपित्री अमावास्या आपण का करतो, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

नंतरच्या तारखांची निवड कशी झाली हेही पाहण्यासारखं. इंग्लंडमधून ज्यूंना हाकलण्याचा राजाचा हुकूम निघाला १८ जुलै १२९० रोजी, त्या दिवशी खरोखरच आवची नववी होती. मान्य. स्पेनमधल्या हकालपट्टीचा हुकूम सही झाला ३१ मार्च १४९२ ला, म्हणजे निसानच्या तिसऱ्या दिवशी, मुक्तीचा सण ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात. हुकुमात मुदत जुलैअखेरची, तेव्हा आवची सातवी. नवमी गाठायला आणखी दोन दिवस पुढे, २ ऑगस्टपर्यंत जावं लागतं. मेसेज अर्थातच जातो.

पहिल्या महायुद्धाचं तर मासलेवाईक आहे. जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं १ ऑगस्ट १९१४ ला, तेव्हा आवची नववी होती हे अगदी बरोबर. पण ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं २८ जुलैला, ती पाचवी. जर्मनी फ्रान्सवर उलटला ३ ऑगस्टला, ती अकरावी. ब्रिटन उतरला ४ ऑगस्टला, ती बारावी. शाळेच्या पुस्तकात युद्धाचा आरंभ २८ जुलैचा देतात. आठवडाभरात इतक्या घोषणा झाल्यावर त्यातली एखादी आपल्याला हव्या त्या तारखेला पडणारच. वर, आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, तर नेम चुकेल कसा?

आणि जे या यादीत बसत नाही ते? १९०३ मधली किशिनेव्हची कत्तल निसान महिन्यात झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरं, पेटवले गेले, तो हेश्वान महिना. १९७३ चं युद्ध सुरू झालं ते तिश्रीच्या दहाव्या दिवशी, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्लाही तिश्रीतलाच, बावीसाव्या दिवशीचा. तिश्री हा तर नववर्षाचा महिना, त्याची रास तूळ. आपत्ती मोजून महिना अशुभ ठरवायचा तर तुळेला सोडून सिंहेवरच राग का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, कारण मेसेजवाल्यांना ती ठाऊक असती तर त्यांनी ती आधी वापरली असती. जुन्या मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या निरूपणात, एक शब्दखेळ आहे: सिंह, म्हणजे नबुखद्नेस्सर, सिंह राशीत चढून आला आणि त्याने ‘अरिएल’ म्हणजे देवाचा सिंह, अर्थात यरुशलेम, उद्ध्वस्त केलं. पुढे तोच मजकूर म्हणतो, सिंह राशीतच देव येऊन ते पुन्हा बांधील. तालमूदमध्येही रब्बी पापा सांगतात, परधर्मीयाशी खटला असेल तर आवमध्ये टाळा, तेव्हा मझाल कमजोर असतं, अदारमध्ये चालवा, तेव्हा ते जोरात असतं. मझाल म्हणजे रास, नशीब. लग्नात ‘मझाल तोव’ म्हणतात त्यातलं. म्हणजे कोर्टाच्या पायरीचा दावा हवेतून आलेला नाही. तो एका विद्वानाचा सल्ला आहे, रोमन आणि इराणी राजवटींत अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्या लोकांसाठी दिलेला. त्यावरून ‘ज्यू लोक कोर्टात जात नाहीत’ असा नियम काढणं म्हणजे एखाद्याच्या आजोबांनी शनिवारी केस कापू नका सांगितलं म्हणून महाराष्ट्रात शनिवारी सलून बंद असतात असं लिहिण्यासारखं.

बरं, ज्यू परंपरेत यावर एकमत होतं का? तालमूदच्याच दुसऱ्या एका पानावर दोन रब्बी समोरासमोर उभे आहेत. रब्बी हनिना म्हणतात, मझाल माणसाला शहाणं करतं, मझाल श्रीमंत करतं, इस्राएललाही मझाल लागू आहे. रब्बी योहानान म्हणतात, इस्राएलला मझाल लागू नाही. मग गोष्टी येतात. त्यातली रब्बी अकिवांच्या मुलीची तर आपल्या सटवाईच्या कहाण्यांत खपून जाईल. ज्योतिष्यांनी सांगितलेलं असतं, लग्नाच्या दिवशी हिला साप चावणार. त्या रात्री ती केसांतला आकडा काढून भिंतीत खोचते. सकाळी ओढते तर आकड्याला साप अडकून आलेला, डोळ्यातून आरपार. बापाने विचारलं, काल काय केलंस? ती म्हणते, दाराशी भिकारी आला होता, सगळे जेवणात गुंग, कुणी लक्ष देईना, म्हणून माझ्या पानातलं उचलून त्याला दिलं. भाकीत ऐकून घेतलेलं आहे, खोटं म्हटलेलं नाही, पण त्यावर एक वाटीभर अन्न भारी पडलं.

पुढच्या काळातही दोन्ही बाजू आहेतच. अब्राहाम इब्न एझ्रा यांनी बाराव्या शतकात ज्योतिषावर हिब्रूत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. उत्तर इस्राएलमधल्या बेथ अल्फाच्या सिनेगॉगच्या जमिनीवर सहाव्या शतकातलं अख्खं राशीचक्र आहे, मधोमध चार घोड्यांच्या रथात सूर्य. १९२८ च्या अखेरीस किबुट्झ या सामूहिक शेतवस्तीतले लोक पाण्याचा पाट खणत होते, तेव्हा ते वर आलं. त्या चित्रात कोपऱ्यांतले चार ऋतू राशींशी जुळतही नाहीत. कारागिराला नक्षी हवी होती, कुंडली नव्हे.

याउलट मैमोनिदेस, मध्ययुगातला सगळ्यांत मोठा ज्यू विद्वान आणि पेशाने वैद्य. ११९५ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या रब्बींनी त्यांना ज्योतिषाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी पत्रात ते निव्वळ मूर्खपणाचं ठरवलं. आणि पुढे जे लिहिलं ते आवच्या मेसेजला परस्पर उत्तर आहे. आपलं राज्य का गेलं, मंदिर का पडलं? तर आपले पूर्वज ताऱ्यांची पुस्तकं उराशी धरून बसले, युद्धकला शिकण्याकडे आणि मुलूख जिंकण्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, म्हणून. ज्या विध्वंसाचं खापर मेसेज सिंह राशीवर फोडतो, त्याचं खापर मैमोनिदेस राशी पाहत बसण्यावर फोडतात! त्या मंदिराच्या शेवटच्या दिवसांचा साक्षीदार यिर्मया, त्याच्या नावावरच्या पुस्तकातही हेच बजावलेलं आहे: आभाळातल्या चिन्हांना इतर राष्ट्रं भितात, तुम्ही भिऊ नका.

‘आवमध्ये नवं काम काढत नाहीत’ याचं आणखी एक उत्तर मला हिशोब करताना सापडलं. इ. स. ७६२ साली खलिफा अल-मन्सूरने बगदाद वसवायला घेतलं. पायाभरणीचा मुहूर्त काढणाऱ्या ज्योतिष्यांत माशाअल्लाह हा बसऱ्याचा ज्यू होता. मुहूर्त निघाला ३० जुलैचा. आजच्या हिब्रू गणिताने ती तारीख मागे मोजत नेली तर येते आवची पाचवी, म्हणजे नवमीपर्यंतच्या शोकाच्या नऊ दिवसांतली. सूर्य सायन सिंहेत. एका ज्यू ज्योतिष्याने हात लावलेल्या, इतिहासातल्या बहुधा सर्वांत गाजलेल्या मुहूर्ताला, आव होता आणि सिंहही होती. खलिफाच्या शहराला ज्यूंचा शोक लागू नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण मग तो शोक होता, ग्रहदशा नव्हती, हेही त्याच दमात मान्य करावं लागेल.

त्या नऊ दिवसांत मांस-मद्य टाळणं, लग्न न करणं, हौसेचं बांधकाम लांबवणं हे खरं आहे. युरोपातले ज्यू आवच्या पहिलीपासून पाळतात, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंत बऱ्याच ठिकाणी नवमी ज्या आठवड्यात येते तेवढ्यापुरतं. आपल्याकडे घरात सुतक असलं की पेढे वाटत नाहीत ना? त्याला कुणी ‘ग्रहपीडा’ म्हणत नाही.

पंधरावीचं मात्र खरंच सुंदर आहे आणि मेसेजने तेच सगळ्यात जास्त नासवलंय. मिश्ना म्हणते, इस्राएलला आवची पंधरावी आणि योम किप्पूर यांच्याइतके आनंदाचे दिवस नव्हते. त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात. कपडे पांढरे, आणि उसने. प्रत्येकीने दुसरीचे घालायचे, म्हणजे जिच्याकडे नाहीत तिला खाली बघावं लागू नये. तालमूद साखळीच देतो: राजाची मुलगी महायाजकाच्या मुलीकडून घेई, महायाजकाची त्याच्या हाताखालच्याच्या मुलीकडून, अशी उतरत उतरत. म्हणजे राजकन्येनेही उसनंच नेसायचं. चंद्राला जोडीदार मागायला नव्हे, गरिबाच्या लेकीची लाज झाकायला पांढरा रंग होता. आणि अशुभ म्हणून हिणवलेल्या त्याच महिन्यात, त्याच राशीत, नवमीनंतर अवघ्या सहा दिवसांनी.

‘म्हणूनच ते श्रीमंत’ या ओळीवर फार शाई घालवायची नाही. ज्यू म्हणजे पैसा ही युरोपातली जुनी, विखारी समजूत आहे आणि तिने काय काय जाळलं ते वरच्या तारखांत आलंच. शनिवारी घाणा बंद ठेवून उरलेले सहा दिवस तेल गाळणाऱ्या कोकणातल्या माणसाला ही ओळ वाचून दाखवून पाहा.

आता आळीतल्या आजी. बेने इस्राएलांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, आणि पुरीमला चक्क होळीचा सण. आवची नववी म्हणजे बिरड्याचा सण. त्या दिवसांत मांस-मच्छी बंद आणि ताटात वालाचं बिरडं, म्हणून ते नाव. शेकडो वर्षं हिंदू शेजारात, पंचांग सांगणाऱ्या भटजींच्या गावात राहिलेल्या लोकांनी सणांची नावं ठेवली ती खिरीवरून आणि बिरड्यावरून, राशीवरून एकही नाही. आजींना मी एकदा विचारलं होतं, उपास कशाचा. म्हणाल्या, ‘देवाचं घर जळलं रे बाळा.’

२०२६ साली उपास २२ जुलैच्या संध्याकाळी, बुधवारी लागतो. बिरडं करायचं तर वाल दोन दिवस आधी भिजत टाकावे लागतात, मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. किलोभर वाल सोलायला चार हात पुरत नाहीत. अकरा जणांना काही पाठवायचंच असेल तर वाल सोलायला या म्हणून निरोप पाठवा.